जेम्सटाउनचे खड्डे, विल्यम्सबर्गच्या भिंती

व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला जायचे तर रस्त्याने न जाता पाण्यावरून जावे. जेम्स नदीच्या दक्षिण काठावर स्कॉटलंड नावाचे लहानसे गाव आहे. तिथून राज्य सरकारची फेरी माणसांना गाड्यांसकट पलीकडे नेते. रात्रंदिवस चालते आणि तिकीट नाही. नदी इथे एवढी रुंद आहे, की नवख्याला ती खाडीच वाटावी, पाणीही मचूळ. उत्तरेचा काठ जवळ येऊ लागला की जुन्या धर्तीची तीन शिडाची जहाजे दिसतात : ‘सुझन कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’. अर्थात ही नक्कल. अस्सल जहाजे १६०६च्या डिसेंबरात लंडनहून निघाली आणि पुढच्या मे महिन्यात शंभरावर पुरुष आणि मुलगे घेऊन इथे लागली. त्यांत बाई एकही नव्हती.

त्या ताफ्याचा कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गेला. १६१५ साली सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून जहांगीर बादशहाकडे निघाला, तेव्हा त्याच्या ‘लायन’ जहाजाचा कप्तान हाच न्यूपोर्ट होता. जेम्सटाउनला माणसे उतरवणाऱ्याने आठ वर्षांनी सुरतेच्या सुवाळी बंदरात राजाचा वकील उतरवला. यात योगायोग फारसा नव्हता. जेम्सटाउनची वसाहत उभारणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता आणि लंडनमध्ये फिलपॉट लेनमधल्या त्याच्या घरातून दोन्हींचा कारभार चाले. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले तेव्हा दारे लावून बसलेली इंग्रजांची वखार आणि जेम्सटाउनचा मेढेकोट, दोन्ही लंडनच्या एकाच व्यापारी वर्तुळातून उभे राहिले होते.

फेरीतून उतरल्यावर बरेच प्रवासी फसतात, कारण इथे जेम्सटाउने दोन आहेत. धक्क्याला लागूनच आहे ते १९५७ सालच्या साडेतीनशेव्या वर्धापनदिनासाठी उभारलेले संग्रहालय. तिथे जहाजे आहेत, लाकडी कोट आहे, चिलखत घातलेले स्वयंसेवक आहेत, बंदुकीचे बारही निघतात. मुले खूश होतात. खरी जागा पुढच्या बेटावर आहे. तिथे बघायला त्या मानाने फार थोडे आहे आणि रेंगाळायचे ते तिथेच.

बेटावर गेल्या चार शतकांत जमिनीवर टिकून राहिला तो विटांच्या चर्चचा एक बुरूजवजा मनोरा. तोही सुरुवातीच्या वर्षांतला नव्हे, नंतरचा. १६०७चा मूळ कोट नदीने केव्हाच खाल्ला, अशीच दोनशे वर्षे समजूत होती. १९९४ साली विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने चर्चजवळ फावडे मारले आणि थोड्याच काळात त्याला मातीत काळपट गोल डाग एका ओळीत सापडू लागले. जमिनीत पुरलेला लाकडी खांब कुजतो, पण त्याच्या जागी मातीचा रंग बदललेला राहतो. हे डाग म्हणजे मेढेकोटाच्या मेढी. डागांवरून तटाची रेघ निघाली, रेघांवरून त्रिकोण निघाला. कोटाचा नदीत गेलेला भाग अगदी थोडा होता.

हा त्रिकोण ताडून पाहायला एक लिखित माप हाताशी होते. ते लिहून ठेवणारा माणूस कवींच्या गोतावळ्यातला होता. विल्यम स्ट्रॅची लंडनच्या नाटकमंडळींत वावरलेला. बेन जॉन्सनच्या ‘सिजेनस’ नाटकाच्या १६०५च्या छापील प्रतीत स्तुतिपर सुनीत आहे ते त्याचे. १६०९ साली तो व्हर्जिनियाला निघाला. त्याचे ‘सी व्हेंचर’ जहाज वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर अडकले. माणसे वाचली, तिथल्याच लाकडांतून त्यांनी दोन लहान जहाजे बांधली आणि पुढच्या वर्षी जेम्सटाउन गाठले. या हकिगतीचे त्याचे लांबलचक पत्र १६१०चे आहे. शेक्सपिअरने ‘द टेम्पेस्ट’ लिहिताना ते वाचले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच पत्रात कोटाची बाजू मोजलेली आहे : नदीकडची १४० यार्ड, उरलेल्या दोन शंभर-शंभर यार्ड. चर्चही मोजले आहे : साठ फूट लांब, चोवीस फूट रुंद. उत्खननात स्ट्रॅचीची गरुडाचे चिन्ह असलेली मुद्रेची अंगठीही सापडली. ज्याच्या मापांवर विसंबून खणायचे त्याचीच अंगठी मातीत सापडावी, हे भाग्य पुरातत्त्वज्ञांच्या वाट्याला रोज येत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की स्ट्रॅची इथे वसाहतीचा चिटणीस झाला आणि १६०९च्या सुरुवातीला त्याच चिटणिशीवर जॉन डनचा डोळा असल्याची लंडनमध्ये चर्चा होती. डन तेव्हा बेकार, कर्जात आणि पोराबाळांनी वेढलेला होता. नोकरी मिळाली असती तर इंग्रजी प्रेमकवितेतल्या सर्वांत तल्लख माणसाला त्या वर्षीचा दुष्काळ व्हर्जिनियात काढावा लागला असता.

तो दुष्काळ साधा नव्हता. १९९८ साली जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वर्तुळे मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले, की १६०६ ते १६१२ ही सात वर्षे इथल्या पावणेआठशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती. नदीचे पाणी आणखी खारट झाले, मक्याची पिके गेली, मूळ रहिवाशांकडेच धान्य नव्हते तर ते परक्यांना कुठून देणार? शिवाय मागायची रीतही तलवारीची. १६०९-१०च्या हिवाळ्यात तीनशेच्या आसपास माणसांतली साठ उरली. २०१३ साली स्मिथसोनियन संस्थेच्या तज्ज्ञांनी चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी दाखवली. तिच्यावरचे घाव मेल्यानंतर मांस काढतानाचे होते. बेटावरच्या संग्रहालयात तिचा पुनर्रचित चेहरा ठेवला आहे. त्या दालनात गोंगाट करणारी शाळकरी पोरेही आवाज खाली आणतात.

अशा जागी बसून एका माणसाने रोमन कवी ओव्हिड इंग्रजीत पुरा केला.

जॉर्ज सँडिस यॉर्कच्या आर्चबिशपचा धाकटा मुलगा. १६१०मध्ये निघून त्याने तुर्कस्तान, इजिप्त, पॅलेस्टाइन पालथे घातले आणि त्यावर लिहिलेले प्रवासवर्णन १६१५ साली गाजले. त्याचा भाऊ एडविन याने स्मिथला बाजूला सारून व्हर्जिनिया कंपनी हाती घेतली. त्याच जोरावर १६२१ साली जॉर्ज वसाहतीचा खजिनदार म्हणून निघाला. सोबत नवा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायट. त्याची बायको सँडिसची पुतणी. म्हणजे कारभार घरचाच. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ या पंधरा सर्गांच्या लॅटिन काव्याचे पहिले पाच सर्ग सँडिसने इंग्रजीत आणून छापले होते. आणखी दोन त्याने अटलांटिकवर, जहाज डुलत असताना केले. उरलेले जेम्सटाउनमध्ये.

त्याआधी इंग्रजी वाचक ओव्हिड वाचायचे तो आर्थर गोल्डिंगच्या १५६७च्या भाषांतरात. शेक्सपिअरचा ओव्हिडही बराचसा तोच. गोल्डिंगच्या ओळी लांब, ऐसपैस, गावगप्पांना मोकळ्या. सँडिसने त्या आवळल्या. दहा अक्षरांच्या यमकबद्ध द्विपदीत त्याने लॅटिनचा नेमकेपणा धरला आणि ओळींची संख्याही मुळाच्या जवळ ठेवली. लॅटिन ज्यांनी घोटली आहे त्यांनाच कळेल हे किती अवघड आहे ते. पुढे ड्रायडनने त्याला मागच्या पिढीतला सर्वोत्तम पद्यकार म्हटले. अठराव्या शतकात इंग्रजी कवितेवर राज्य करणाऱ्या द्विपदीला जी माणसे वळण लावत होती, त्यांच्यात जेम्सटाउनचा हा खजिनदार मोडतो. अमेरिकेतल्या इंग्रजी साहित्याची सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहेत. पण हे काम त्या वादात नेहमी मागच्या बाकावर बसवले जाते, कारण ते ‘नुसते’ भाषांतर! मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल.

दिवसा सँडिसला करायचे होते ते वेगळेच. खंडाची वसुली, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची लागवड, द्राक्षाचे मळे, लोखंडाची भट्टी आणि काच. फेरीच्या धक्क्याजवळच ‘ग्लासहाउस पॉइंट’ आहे. १६०८ साली तिथे काचेची पहिली भट्टी पेटली होती. १६२१नंतर इटालियन कारागीर आणून दुसरा प्रयत्न झाला. तोही फसला. कारागिरांना मायदेशी पळायचे होते, भट्टीला वाळू लागेना, आणि सँडिसने लंडनला पाठवलेल्या पत्रांत त्यांना अशा शिव्या मोजल्या आहेत, की ओव्हिडच्या सफाईदार द्विपद्या याच लेखणीतून आल्या यावर विश्वास बसू नये. जुन्या भट्ट्यांचे अवशेष आज काचेआड जपले आहेत. शेजारच्या छपरात कारागीर हिरवट काचेचे पेले फुंकून करतात आणि ते विकतही घेता येतात. वसाहतीतला तेव्हाचा बुडीत धंदा आता बरा चालतो.

२२ मार्च १६२२ रोजी इथल्या मूळ रहिवासी पॉवहॅटन लोकांनी वसाहतींवर एकाच दिवशी हल्ला केला. ३४७ इंग्रज मारले गेले, म्हणजे दर चार जणांतला जवळजवळ एक. फॉलिंग क्रीकची लोखंडाची भट्टी उद्ध्वस्त झाली. सूडाच्या मोहिमांतली पहिली सँडिसने स्वतः नेली. पुढच्या वर्षी तहाच्या बोलण्याला बोलावून मूळ रहिवाशांना विष कालवलेली दारू पाजली गेली. लंडनमध्ये त्याच नोव्हेंबरात, म्हणजे १६२२ साली, सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन झालेल्या जॉन डनने कंपनीपुढे प्रवचन दिले. कंपनीने त्याला मानद सभासद करून घेतले होते. चिटणिशी हुकली, पण वसाहतीने कवीला शेवटी गाठलेच. या सगळ्या धामधुमीत सँडिसचे पंधरा सर्ग पुरे झाले. १६२५ला तो परतला, १६२६ला ग्रंथ राजा चार्ल्सला अर्पण होऊन निघाला. १६३२च्या सटीक आवृत्तीत तर ओव्हिडच्या देवदेवतांखालच्या टीपांमध्ये व्हर्जिनियातली माणसे आणि प्राणीही शिरले आहेत.

ओव्हिडच्या काव्यात माणसांची झाडे होतात, पक्षी होतात, दगड होतात. आणि ते बहुधा कुणा बलवानाच्या जबरदस्तीतून होते. हे लिहीत असताना खिडकीबाहेर काय चालले होते, ते सँडिसला दिसत नव्हते असे म्हणवत नाही. दिसले ते त्याने टीपांत ठेवले, कवितेत नाही.

आणि खिडकीबाहेरची जमीन मोकळी तर मुळीच नव्हती. मूळ रहिवाशांचा प्रमुख वाहुनसोनाकॉक, ज्याला इंग्रज पॉवहॅटन म्हणत, त्याची राजधानी वेरोवोकोमोको यॉर्क नदीकाठी होती; तिचे उत्खनन एकविसाव्या शतकातच सुरू झाले. तिथली घरे कोवळ्या खोडांच्या वाकवलेल्या कमानींवर चटया आणि साली घालून केलेली. हवा हवी तेव्हा चटया वर करायच्या. इंग्रजांनी त्यांना तात्पुरत्या झोपड्या समजून नाके मुरडली. त्यांची स्वतःची घरे कशी होती ते मात्र मातीच सांगते.

कोटातल्या पहिल्या इमारती कुडाच्या होत्या. जमिनीत खांब पुरायचे, मधे काटक्या लावायच्या, वर मातीचा गिलावा. ही इंग्लंडच्या लिंकनशायरकडची पद्धत. कोकणातल्या माणसाला ती शिकवायला नको. आपल्याकडे निदान जोते असते, इथे लाकूड थेट ओल्या मातीत. वाळवी आणि कूज मिळून दहा-वीस वर्षांत खांब खलास. १९८१ साली कॅरी कार्सन, केल्सो, डेल अप्टन आणि आणखी दोघांनी दक्षिणेकडच्या वसाहतींतल्या ‘न टिकणाऱ्या’ वास्तुकलेवर एक लेख लिहिला. तोपर्यंत अमेरिकन वास्तुइतिहास म्हणजे विटांचे वाडे, सममित दर्शनी बाजू आणि खांबांचे पोर्च. या लेखाने दाखवले, की सतराव्या शतकात व्हर्जिनियातले बहुतेक लोक, पैसेवालेसुद्धा, पुरलेल्या खांबांच्या घरांतच राहत होते. कारण तंबाखू. हाती आलेला पैसा जमिनीत आणि मजुरांत घालायचा, घरात नाही. आणि हवेने निम्मी माणसे मारली असताना नातवंडांसाठी बांधणार कोण? उभ्या राहिलेल्या इमारतींवरून इतिहास लिहिला तर श्रीमंत आणि नशीबवान यांचाच होतो, हा मुद्दा त्यानंतर टाळता येईना.

जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गला ‘कलोनियल पार्कवे’ने जावे. विल्यम्सबर्गच्याही पुढे जाणारा हा ३७ किलोमीटरचा रस्ता १९३०च्या दशकापासून बांधत १९५७ला पुरा झाला. तीन पदरी, पण पट्टे आखलेले नाहीत. काँक्रीटमध्ये मुद्दाम खडी उघडी ठेवलेली, पुलांना विटांचे वेष्टन, वाटेत दुकान नाही की जाहिरातीचा फलक नाही. सतराव्या शतकातून अठराव्यात जाताना विसावे शतक डोळ्यांत खुपू नये म्हणून विसाव्या शतकाने केलेली ही योजना आहे. आणि ती फार देखणी आहे, हेही कबूल केले पाहिजे.

१६९८ला जेम्सटाउनचे सरकारी भवन जळाले आणि राजधानी विल्यम्सबर्गला हलली. गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सनने सरळ हमरस्ता आखला, एका टोकाला कॉलेज, दुसऱ्या टोकाला विधिमंडळाचे ‘कॅपिटॉल’. १७८०ला राजधानी रिचमंडला गेली आणि गाव झोपले. १९२६ साली तिथला पाद्री डब्ल्यू. ए. आर. गुडविन याने जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांना गळ घातली. रॉकफेलरने सुरुवातीची खरेदी नाव न सांगता केली. गावकऱ्यांना बराच काळ कळेना, पाद्र्याकडे एवढा पैसा येतो कुठून! अठराव्या शतकाची ८८ घरे उरली होती. ती दुरुस्त केली, नंतरच्या सातशेहून अधिक इमारती पाडल्या किंवा हलवल्या, आणि जे नव्हते ते जुन्या पायांवर नव्याने उभारले. १९२९ला ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सुमारे १७४०ची एक ताम्रपट्टी सापडली. तिच्यावर कॅपिटॉल, गव्हर्नरचा महाल आणि कॉलेज कोरलेले होते. एवढा पुरावा हाती आल्यावर काम अचूकच होणार, असे वाटावे.

पण बांधणारे डोळे बोस्टनच्या पेरी, शॉ आणि हेपबर्न या संस्थेतल्या वास्तुकारांचे होते आणि त्या पिढीला पॅरिसच्या बोझार शाळेचे वळण होते. अक्ष, तोल, सममिती. कार्ल लाउन्सबरी या इतिहासकाराने १९९०मध्ये दाखवून दिले, की कॅपिटॉलच्या पायाने दिलेला पुरावा आणि वास्तुकारांची आवड यांचे जिथे जुळेना, तिथे आवडीने बाजी मारली. १७०५च्या बांधकामातला आडवातिडवा, गरजेप्रमाणे ठरलेला भाग १९३४च्या कॅपिटॉलमध्ये नीटनेटका झाला. रंगांचेही तसेच. ‘विल्यम्सबर्ग रंग’ म्हणून देशभर विकले गेलेले मवाळ निळे-राखाडी पुढे प्रयोगशाळेत जुन्या थरांची तपासणी झाल्यावर बरेच गडद ठरले. १९३०च्या मध्यमवर्गाला जसा भूतकाळ हवा होता, तसा तो इथे मिळाला. अंगणातली बॉक्सवुडची कुंपणेसुद्धा.

एडा लुईस हक्स्टेबल या वास्तुसमीक्षिकेने ‘द अनरिअल अमेरिका’ या १९९७च्या पुस्तकात विल्यम्सबर्गवर हत्यार परजले. तिचा राग खोटेपणावर कमी आणि त्याच्या परिणामावर जास्त होता : असे एकजिनसी, स्वच्छ शहर पाहिल्यावर लोकांना खरी, थरांवर थर चढलेली, वापरून झिजलेली गावे घाणेरडी वाटू लागतात. १९६४च्या व्हेनिस सनदेने पुरातत्त्वीय स्थळांवर पुनर्बांधणीला सरसकट नकार दिला होता. विल्यम्सबर्ग त्याच्या आधीच उभे होते. आणखी एक गोष्ट इथे बरीच वर्षे गैरहजर होती. अठराव्या शतकातल्या गावात अर्ध्याहून अधिक लोक गुलामगिरीतले कृष्णवर्णीय होते. त्यांची कहाणी सांगणारा कार्यक्रम १९७९ला सुरू झाला, आणि १९९४ला गुलामांच्या लिलावाचा देखावा केला तेव्हा देशभर वाद पेटला.

तरीही हमरस्त्यावरून चालताना विल्यम्सबर्ग आवडून जाते, हा त्याचा धोका. ‘रॅली टॅव्हर्न’चा ऍपोलो हॉल १९३२चा आहे हे ठाऊक असूनही मन जेफर्सन-वॉशिंग्टनना तिथे बसवते. दारावर सर वॉल्टर रॅलीचा अर्धपुतळा. व्हर्जिनिया हे नाव अविवाहित राणी एलिझाबेथवरून या जमिनीला पडले ते रॅलीच्याच मोहिमांमुळे. तो कवी उत्तम, दरबारी अस्थिर, आणि व्हर्जिनियाला स्वतः कधी आलाच नाही.

परत बेटावर यावे ते यासाठी, की जे उरले नाही ते कसे दाखवायचे, या प्रश्नाचे तिथे उलटे उत्तर आहे. १९७६ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट व्हेंटुरी आणि त्याच्या सहकाऱ्यांना बेंजामिन फ्रँकलिनचे घर पुन्हा बांधायचे होते, पण ते कसे दिसे याचा पुरेसा पुरावा नव्हता. त्यांनी पोलादी पोकळ चौकटीत घराची नुसती बाह्यरेषा उभी केली आणि खाली खरा पाया दिसू दिला. जेम्सटाउनने तोच धडा लाकडात गिरवला आहे. १६०८च्या चर्चच्या जागी, जिथे १६१४ला वाहुनसोनाकॉकची मुलगी पोकाहॉन्टस आणि इंग्रज वसाहतकार जॉन रॉल्फ यांचे लग्न लागले, २०१०मध्ये खोल खांबखड्डे सापडले. आता तिथे खांब आणि कमरेएवढ्या मातीच्या भिंती आहेत, छप्पर नाही. सैनिकांच्या बराकीचा सांगाडा अर्धाच चढवलेला. २००६ला उघडलेले ‘आर्केअरिअम’ संग्रहालय जळालेल्या सरकारी भवनाच्या पायावरच आहे, पण पायाला धक्का न लावता बारीक आधारांवर उचललेले. जमिनीतल्या काचांतून जुन्या विटा दिसतात. इथे भेट देणाऱ्याला कल्पना करावी लागते आणि काहींना ते आवडत नाही. शेजारच्या नकली कोटात गर्दी जास्त असते.

या सगळ्याखाली पाणी आहे. १९००च्या सुमारास बांधलेल्या बंधाऱ्यानेच कोटाचा बहुतेक भाग वाचवला. अलीकडे त्याला ग्रॅनाइटच्या शिळांची जोड दिली आहे. पण आता पाणी नदीकडून कमी आणि मागच्या पाणथळीतून जास्त येते. जमीन खचते आहे, समुद्र वाढतो आहे. २०२२ साली राष्ट्रीय वारसा न्यासाने जेम्सटाउनला देशातल्या अकरा सर्वाधिक धोक्यातल्या स्थळांत घातले. रस्ते आणि वाटा उंच करण्याचे आराखडे आहेत, पंप आहेत. तोपर्यंत कोटाच्या उत्तरेच्या सखल भागात, जिथे पुराचे पाणी पुन्हा पुन्हा साचते, पुरातत्त्वज्ञ खड्डे कोरडे करून घेतात आणि खांबांचे डाग नकाशावर उतरवत राहतात.